‘आपलाच माणूस’ रात्री दीडपर्यंत वेळ मागतोय, सही करू का?

ताई, नमस्कार.

आम्ही जळगावात हायवेला लागून असलेल्या एका कॉलनीत राहतो. मूळचे अमळनेरकडचे. यजमान एसटीतून निवृत्त झालेत, मुलगा एमआयडीसीत आहे, सून एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिची दुपारपाळी असली की ती रात्री साडेदहा-पावणेअकराला स्कुटीवर घरी येते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच यजमानांच्या आतेभावाचं हॉटेल आहे. खाली जेवण, वर परमिट रूम. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. यंदा त्यांनी गच्चीवर शेड टाकून लाउंज काढलंय, शनिवारी डीजे असतो. आता रात्री दीडपर्यंत चालू ठेवायची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केलाय, आणि एकतीस डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत. पोलिसांचं मत त्याला अनुकूल नाही असं ऐकते. मागच्या आठवड्यात ठाण्यातून हवालदार आले होते, शेजाऱ्यांना काही त्रास आहे का म्हणून विचारायला. यजमान म्हणाले, काही त्रास नाही. मी दारात उभी होते, गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः ‘आमची हरकत नाही, आम्हास कोणताही त्रास नाही’ असा कागद घेऊन आले. गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या झाल्यात, आमची राहिलीय.

तीन वर्षांपूर्वी रात्री एक वाजता यजमानांच्या छातीत कळ आली, तेव्हा आप्पांनी पाच मिनिटांत गाडी दाराशी आणली. त्यांच्यामुळे यजमान आज आहेत. यजमान म्हणतात, “आपलाच मानूस शे, त्याले नही कसं म्हनू?” आप्पा म्हणतात, “वहिनी, दोन तासनी ते गोट शे.” पण शनिवारी गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात, आमचं फाटकसुद्धा उघडत नाही. आणि परवा सून बोलता बोलता म्हणाली, “आई, मी आता हायवेकडून येतच नाही, मागच्या नाल्याकडून येते.” तेव्हापासून माझी झोप उडालीय. सही करू का? आणि पोलिसांना खरं सांगितलं तर आप्पांना कळेल का?

– एक वाचक, जळगाव


ताई,

तुमच्या पत्रातलं सुनेचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आठ तास उभ्याने पेशंटचं करून आलेली पोर स्वतःच्या घरी येताना दिव्याचा रस्ता सोडते आणि अंधारातल्या नाल्याकडून येते. तेही ती तक्रार म्हणून सांगत नाही, बोलता बोलता सांगते. म्हणजे तिने हे मनाशी धरून टाकलंय की हे असंच चालायचं. अजून वेळ वाढलेली नाही तरी ही गत आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. सही करू नका. त्या कागदावर ‘कोणताही त्रास नाही’ असं लिहिलंय आणि ते खोटं आहे.

मी अशी सही एकदा केलेली आहे, म्हणून इतकं ठाम सांगते. वीसेक वर्षांपूर्वी धुळ्यात आम्ही एका परमिट रूमच्या मागच्या घरात भाड्याने राहायचो. मालक आमच्या घरमालकांचे मित्र. त्यांना वर आणखी एक हॉल काढायचा होता. कागद आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. उभ्या उभ्या सही केली, वाचलासुद्धा नाही. पुढचा उन्हाळा आला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की घरात झोपणं होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या, उशाशी तांब्या. रात्री पावणेबाराला त्या हॉटेलचं शटर अर्धं खाली यायचं आणि पुढचा पाऊण तास आम्ही सगळे जागे. शटरखालून वाकून एकेक जण बाहेर येणार. पानटपरीवाल्याशी हुज्जत घालणार. कोणी बुलेटला किक मारत बसणार, आणि चालू झाली की नुसतीच रेस करणार. दोघं मित्र ‘तू जा, मी जातो’ करत एकमेकांच्या गळ्यात पडणार आणि त्याच गळ्यात पडण्यातून एखाद्या रात्री कॉलर धरली जाणार. सकाळी ओटा फिनाईलने धुणं हे माझं रोजचं काम झालं होतं. एकदा ओट्यावर एक चप्पल, एक चष्मा आणि रक्ताचे चार थेंब होते. चष्मा मी आठ दिवस कोनाड्यात ठेवला. न्यायला कोणी आलं नाही. शेवटी आम्ही तक्रार द्यायला गेलो, तर तिथल्या साहेबांनी फाइल काढली आणि माझीच सही माझ्यासमोर ठेवली. “बाई, तुम्हीच तर लिहून दिलंय.” मला उत्तर नव्हतं.

आता पोलिसांचं. बरेच लोक म्हणतात, पोलीस अडवतात ते हात ओले व्हावेत म्हणून. कुठेच तसं होत नसेल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या गल्लीच्या बाबतीत पोलीस जी काळजी करतायत ती खरी आहे, आणि ती समजून घेतली तर आप्पांशी बोलणंही सोपं जाईल.

दारूच्या ठिकाणी सगळ्यात अवघड वेळ असते ती सुटण्याची. आत माणूस टेबलाशी बसलेला असतो, वेटर ओळखीचा असतो, मालक गल्ल्यावरून बघत असतो. बाहेर पडला की तो कोणाचाच नसतो. आता विचार करा, शहरातले बाकीचे परमिट रूम ११.३० ला बंद झाले आणि आप्पांचं एकट्याचं १.३० पर्यंत उघडं राहिलं, तर ११.३० नंतर तिथे कोण येईल? आठ वाजता बायकापोरांना घेऊन शेवभाजी खायला येणारं गिऱ्हाईक तेव्हा घरी झोपलेलं असणार. येतील ते दुसरीकडून उठवलेले, आधीच दोन-तीन तास प्यालेले, ‘अजून एक’ हवी असलेले. अख्ख्या शहरातली असली माणसं एका दाराशी जमतील. आप्पा कितीही सरळ असोत, ज्यांना सांभाळायचं ती माणसं त्यांनी पाजलेलीच नसतील. आणि १.३० ला ती सगळी एकदम तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडतील. त्या वेळी ना शहरात धड रिक्षा मिळते ना बस, म्हणजे आलेला प्रत्येक जण स्वतःच्या गाडीवर आलेला आणि स्वतःच्याच गाडीवर परत निघालेला. समोर सुरत-नागपूर महामार्ग. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ते तपासायला रस्त्यावर माणूस तर हवा. रात्रपाळीला ठाण्यात मोजकी माणसं असतात आणि एक गस्तीची गाडी. ती गाडी तुमच्या गल्लीशी उभी राहिली तर बाकीची हद्द उघडी पडते. पोलिसांचं म्हणणं साधारण असंच असतं, आणि मला ते पटतं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण ‘दोन तासांची गोष्ट’ दिसते तेवढी साधी नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे. परमिट रूमच्या परवान्याला एफएल-३ म्हणतात. तो राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत जातो आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. पोलिसांचा असतो तो अहवाल. परमिट रूम पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री १.३० पर्यंत आणि इतर ठिकाणी ११.३० पर्यंत, अशी वेळेची विभागणी आहे. पुण्याला, नाशिकला आयुक्तालय आहे. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक आहेत, आयुक्तालय नाही. म्हणजे आप्पा जे मागतायत ती मोठ्या शहरांची वेळ आहे, आणि मोठ्या शहरांचा बंदोबस्त आपल्याकडे नाही. अशा अर्जाला गल्लीतल्या बारा सह्यांनी किती बळ मिळेल याची मला शंकाच आहे. तरी त्या सह्या फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. माझी राहिली तशी.

एकतीस डिसेंबरचं वेगळं आहे. गेली काही वर्षं नाताळ आणि वर्षाअखेर धरून २४, २५ आणि ३१ डिसेंबरला राज्य सरकारच परमिट रूमना पहाटे ५ पर्यंत सवलत देतं. ही सवलत देतानाही, जिथे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तिथे ती नाकारायची मोकळीक जिल्हाधिकाऱ्यांना असते. माझं मत विचाराल तर त्या एका रात्रीसाठी आप्पांशी भांडू नका. वर्षातली एक रात्र सगळं गावच जागं असतं. फक्त गल्ली मोकळी ठेवायची आणि गच्चीवर डीजे नाही, एवढं कबूल करून घ्या.

कारण डीजेचा दारूच्या वेळेशी काही संबंध नाही. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि तुमच्या दृष्टीने तोच सगळ्यात पक्का आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात ध्वनिक्षेपक वाजवायचा तर बंदिस्त सभागृहात, उघड्यावर नाही. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, शनिवारच्या लाउंजला ती लागू नाही. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असेल तर ४०. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला बंदिस्त सभागृह म्हणता येणार नाही. म्हणजे दारूची वेळ उद्या वाढली, तरी दहानंतर गच्चीवरचा डीजे चालणार नाही. आज तो चालतोय तोही नियम मोडूनच. त्यासाठी ११२ ला फोन करता येतो, आणि त्यासाठी कुठल्याही अर्जाची वाट बघायला नको.

आता आप्पांची बाजू. ती मांडल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. परमिट रूम चालवणं आज सोपं राहिलेलं नाही. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्क वाढलं, मद्यावरचं उत्पादन शुल्कही वाढलं. त्याच वर्षी १४ जुलैला राज्यभरातल्या परमिट रूमवाल्यांनी याविरुद्ध एक दिवस बंद पाळला होता, पेपरात वाचलं असेल. दुकानातून बाटली घेऊन गाडीत किंवा शेतात बसणारं गिऱ्हाईक वाढलं की परमिट रूमचं टेबल रिकामं राहतं. अशा वेळी माणूस शेड टाकतो, डीजे आणतो, दोन तास वाढवून मागतो. आप्पांनी या गच्चीवर कर्ज काढलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते लोभी आहेत म्हणून हे मागतायत असं समजून त्यांच्याकडे गेलात तर बोलणं पहिल्याच वाक्याला मोडेल. हिशोब जुळत नाही म्हणून मागतायत असं समजून जा.

आणि तो उपकार. पत्रात सगळ्यात जास्त जड झालेलं तेच आहे ना? तीन वर्षं तुम्ही दोघं तो बाळगून आहात आणि बाळगायलाच हवा. रात्री एकला हाक मारल्यावर अंगात शर्ट घालत धावून येणारा माणूस नात्यात असणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पण त्या रात्रीचं आणखी एक आठवा. आप्पांनी पाच मिनिटांत गाडी दाराशी आणली, कारण रात्री एकला तुमची गल्ली मोकळी होती. फाटक उघडत होतं. उद्या दीडपर्यंत परवानगी मिळाली, आणि शनिवारी रात्री एक वाजता तुमच्या किंवा त्या अकरांपैकी कोणाच्या घरात छातीत कळ आली, तर तीच गाडी, तेच आप्पा, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी लागलेल्या मोटरसायकली. ज्यांच्या त्या गाड्या, ते वर गच्चीवर, डीजेच्या आवाजात. हॉर्न ऐकू जाणार नाही. हे तुम्ही आप्पांना सांगा. याच शब्दांत सांगा. उपकाराची परतफेड म्हणून खोटी सही देण्यापेक्षा, ज्या मोकळ्या गल्लीमुळे त्यांचा तो उपकार होऊ शकला ती मोकळी ठेवायला त्यांनाच सांगणं जास्त नात्याचं आहे. मला वाटतं आप्पांना ते कळेल. रात्री एकला धावणाऱ्या माणसाला कळायलाच हवं.

पोलिसांना खरं सांगितलेलं आप्पांना कळेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. कळेल असंच धरून चाला. जबाब गुप्त राहील अशी आशा ठेवून काही लिहू नका. गल्ली लहान आहे, ठाणं लहान आहे. म्हणून पोलिसांच्या आधी आप्पांकडे जा. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर ती चुगली होईल. तुमच्याकडून कळलं तर फार तर राग येईल, आणि आतेभावाचा राग कानबाईच्या रोटांच्या सणाला जातो, नाही तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. संध्याकाळी जाऊ नका, गिऱ्हाईक असतं. सकाळी दहाच्या सुमाराला जा. पोरं फरशी पुसत असतात, खुर्च्या टेबलावर उलट्या टाकलेल्या असतात, मालक निवांत चहा घेत असतो. भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, सोबत न्या, पण बोला तुम्ही. आधी त्या रात्रीचे आभार पुन्हा एकदा माना, मग गल्लीचं सांगा, मग सुनेचं. ‘आप्पा, सही मी करणार नाही, आणि हवालदार आले तर खरं सांगणार आहे. ते तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून आधी तुमच्याकडे आले,’ एवढं पुरे. पोलीस, कायदा, डेसिबल तिथे काढू नका. ते त्यांनी ऐकलं नाही तर.

त्यांना काहीतरी मागून मोकळ्या हाताने परत येऊ नका, बोलायला चार गोष्टी घेऊन जा. गाड्या गल्लीत न लावता हायवेच्या बाजूला हॉटेलच्या आवारात लावायच्या आणि तिथे रात्री एक माणूस उभा ठेवायचा. दहानंतर गच्चीवरचा आवाज बंद, खाली बंद खोलीत हळू गाणी चालतील ती चालोत. गल्लीच्या तोंडाशी एक चांगला दिवा आणि कॅमेरा, ज्याचा त्यांना स्वतःलाही उपयोग आहे. आणि बंद करताना अकरापासूनच शेवटची ऑर्डर घेऊन लोकांना थोडे थोडे करून सोडायचं, म्हणजे सगळे एकदम रस्त्यावर येत नाहीत. यातली शेवटची गोष्ट चांगली हॉटेलं मनाने करतात. यातलं काहीच दीड वाजेपर्यंतच्या परवानगीवर अवलंबून नाही. आप्पा उद्यापासून करू शकतात.

मग हवालदारांचं. भाऊंनी ‘त्रास नाही’ सांगितलं ते तोंडी होतं की लिहून घेतलं, हे आधी विचारा. लिहून घेतलं असलं तरी तुम्ही त्या घरात राहणारी स्वतंत्र बाई आहात, तुमचं म्हणणं वेगळं देता येतं. ठाण्यात जाऊन जबाब देण्यापेक्षा घरी बसून साध्या कागदावर अर्ज लिहा, प्रति पोलीस निरीक्षक, आणि त्याची एकेक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना. प्रत्येक ठिकाणी तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

काय लिहायचं, तर फक्त पाहिलेलं. ‘गुंडगिरी वाढली आहे, आया-बहिणींना जगणं मुश्कील झाले आहे’ असले शब्द नकोत. ते प्रत्येक अर्जात असतात आणि साहेब ते वाचतही नाहीत. आजपासून चार शनिवार एका वहीत नोंद ठेवा. किती वाजता संगीत सुरू झालं, किती वाजता थांबलं. शेवटची गाडी किती वाजता हलली. फाटकासमोर गाडी होती का, नंबर काय. भांडण झालं असेल तर किती वाजता, किती वेळ. मोबाइलवर गल्लीचा फोटो काढा, तारीख-वेळेसकट, माणसांच्या तोंडाचा नको, लागलेल्या गाड्यांचा. ‘दिनांक अमुक, रात्री १२.१० वाजता आमच्या फाटकासमोर चार मोटरसायकली, फाटक उघडता आलं नाही.’ असल्या पाच ओळी पोलिसांच्या अहवालाला टेकू देतात. आज त्यांच्याकडे नुसती शंका आहे आणि समोर अकरा घरांचं ‘त्रास नाही’. अशी फाइल वर गेली की पोलिसांची काळजी ही पोलिसांचीच कुरकुर ठरते. गल्लीत राहणाऱ्या एका माणसाचं वेळेसकट लिहिलेलं म्हणणं जोडलं गेलं की तीच काळजी वजनाची होते.

चार शनिवार थांबायला वेळ नसेल, हवालदार उद्याच आले, तर आठवतं तेवढंच सांगा. ते लिहून घेतील. लिहिलेलं वाचून घ्या, न वाचता सही करू नका. त्यात न बोललेलं काही असेल तर खोडायला लावा. आप्पांचा मूळ अर्ज काय आहे, खरंच रोजच्या दीडचा आहे की फक्त वर्षाअखेरचा, हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारता येतं. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

काही वाचक मला लिहितील की आडवी बाटलीचं का सांगितलं नाही. ती वाट वेगळी आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं बाटली आडवी करणारी हवीत. तो दुकान बंद करण्याचा मार्ग आहे. तुम्हाला आप्पांचं हॉटेल बंद व्हायला नकोय, मलाही नकोय. तिथे दहा-बारा पोरं कामाला असतील, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली असतील. त्यांनाही रात्री दीडला बंद करून, भांडी-फरशी करून अडीचला झोपायचं आणि सकाळी दहाला पुन्हा खुर्च्या उतरवायच्या, हे कोणी विचारलंय का?

त्या अकरा घरांवर चिडू नका. त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखीच उभ्या उभ्या सही केली असेल. तुम्ही नाही म्हटल्याचं कळलं की दोन-तीन जणी हळूच येऊन ‘आमचंही तसंच आहे हो’ म्हणतील. त्यांना सांगा, दिलेली सही मागे घेता येते. ‘मजकूर न वाचता सही केली होती, ती ग्राह्य धरू नये’ असा दोन ओळींचा अर्ज पुरतो. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं नाही.

भाऊंशी मात्र भांडण नको. ज्या माणसाने मरण जवळून पाहिलंय, त्याला वाचवणाऱ्याविरुद्ध एक शब्द बोलणं किती अवघड आहे, ते मी समजू शकते. त्यांना सही करायची असेल तर करू दे, तुमच्या नावाने नको एवढंच सांगा. आणि सुनेचं तेवढं त्यांच्या कानावर घाला. मला वाटतं त्यांना ते माहीतच नाही. सुनेलाही विचारा, तिचं नाव आणि तिचा अनुभव अर्जात घालायचा का. ते तिने ठरवायचं आहे, तुम्ही किंवा मी नाही. रस्त्यात कोणी काही बोललं, अडवलं असेल तर ती वेगळी आणि गंभीर तक्रार होते, ती आप्पांच्या अर्जाच्या फाइलीत गुंडाळली जाऊ नये. आधी तिच्याजवळ बसून, तिला घाई न करता, नेमकं काय झालं ते ऐका. ती अजून सगळं बोललेली नाही असं मला पत्र वाचून वाटलं.

अर्ज, जबाब, भेट हे सगळं या पंधरवड्यात होईल. पण एक गोष्ट आजच करा. तिची दुपारपाळी असेल त्या रात्री सव्वादहाला मुलाने नाहीतर भाऊंनी चप्पल घालून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. आप्पांच्या हॉटेलसमोरच, हायवेच्या बाजूला, दिव्याखाली. आप्पा विचारतीलच, “इथं काय करतोस रे भो?” खरं ते सांगावं. सुनेला दुपारीच फोन करून कळवा की आज कोणीतरी उभं असणार आहे, नाल्याकडून येऊ नकोस.